डॅशबोर्डवरचा ‘युरिया’चा दिवा आधी नीट वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (गाड्यांच्या धुरावरचे कडक प्रदूषण-नियम) लागू झाले आणि ट्रक, बस व बऱ्याच डिझेल मोटारींत डिझेलच्या टाकीबरोबर निळ्या झाकणाची दुसरी टाकी आली. तिच्यातल्या द्रावणाचे कागदोपत्री नाव डीईएफ आणि जर्मनीतून आलेले व्यापारी नाव ॲडब्लू. ट्रकच्या केबिनमध्ये, ढाब्यावर आणि स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र सगळे त्याला ‘युरिया’च म्हणतात. या नावामुळे दोन घोटाळे झाले. शेतातला युरिया आणि हे द्रावण एकच, असा समज पसरला. शिवाय दिवा लागला की टाकी रिकामी झाली असे धरून ड्रायव्हर मिळेल ती बादली ओततो. दुसऱ्या घोटाळ्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र त्याच्यापासून सुरू करतो.

हा दिवा एकच असला तरी तो तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. द्रावणाची पातळी खाली गेली आहे, द्रावणाची प्रत बिघडली आहे किंवा ते फवारणाऱ्या यंत्रणेत दोष आहे. पातळीचा दिवा बहुधा पिवळा असतो आणि त्याच्या शेजारी किलोमीटरचा आकडा किंवा टाकीची पट्टी दिसते. प्रत किंवा दोष असेल तर पडद्यावर तसा मजकूर येतो आणि बहुतेक वेळा इंजिनचा पिवळा दिवाही जोडीला लागतो. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली असताना दिवा लागला, तर वर आणखी ओतून काहीही साधणार नाही. प्रत बिघडली असेल तर वर चांगले द्रावण घालणे म्हणजे नासलेल्या दुधात ताजे दूध मिसळणे. जाळीदार ठिपक्यांच्या चौकोनाचा दिवा वेगळाच असतो. तो काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, आणि त्याचा या टाकीशी संबंध नाही. दिवा लागल्यावर गाडी बाजूला घेऊन पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. मजकूर नंतर बदलतो किंवा जातो आणि गॅरेजमध्ये ‘कायतरी पिवळं लागलं होतं’ एवढेच सांगायला उरते.

हे द्रावण काय करते तेही थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय बिघाड समजत नाही. त्यात वजनाने ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के खनिजरहित पाणी असते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरात पंप ते बारीक फवारतो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो. पुढच्या उत्प्रेरकाच्या पोळ्यासारख्या जाळीत तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांना, म्हणजे विषारी वायूंना, गाठतो आणि बाहेर नायट्रोजन व पाण्याची वाफ पडते. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, ती बीएस-६ मध्ये ०.०८ ग्रॅमवर आली. ज्या गाड्यांत हे द्रावण आहे, त्यांत या घसरणीचा मोठा भार तेच उचलते. काही छोट्या डिझेल मोटारींनी ही मर्यादा दुसऱ्या पद्धतीने गाठली आहे. त्यांना ही टाकीच नाही, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नये.

टाकी रिकामी होऊ दिली तर काय होते? मोटारींत इशारा बराच आधी येतो. अनेक गाड्यांत सुमारे २,४०० किलोमीटर शिल्लक असतानाच पहिली सूचना मिळते. मग आकडा उतरत जातो. शून्यावर आला तरी चालते इंजिन मध्येच थांबत नाही, पण एकदा बंद केले की पुन्हा सुरू होत नाही. बॅटरीची वायर काढून जोडण्याचा सल्ला इथे निरुपयोगी आहे. हा हिशोब कंट्रोल युनिटच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकाच्या, कायम स्मृतीत राहतो, वायर काढल्याने फक्त घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जातात.

ट्रकची तऱ्हा निराळी. आपले बीएस-६ चे नियम युरोपच्या युरो-६ वर बेतलेले आहेत. त्या चौकटीत टाकी १० टक्क्यांच्या खाली जाण्याआधी दिवा लागतो. २.५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर इंजिनची ताकद पाव हिश्श्याने कापली जाते आणि टाकी कोरडी झाली की वेग ताशी २० किलोमीटरवर बांधला जातो. द्रावणाची प्रत बिघडलेली असेल किंवा फवारणी बंद पडली असेल, तर टाकी भरलेली असूनही हीच शिक्षा होते. इंजिनचे सुमारे १० तास चालल्यावर ताकद कमी होते आणि २० तासांनी वेग बांधला जातो. वीसची मर्यादा धावत्या गाडीवर अचानक येत नाही. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, डिझेलला थांबली किंवा तासाभराहून जास्त उभी राहिली की ती लागू होते. नेमके कधी, ते कंपनीने ठरवलेले असते. म्हणून ‘रात्री चांगली चालत होती, सकाळी अचानक चालेना’ ही तक्रार खरी असते. त्यात अचानक काहीच घडलेले नसते, दिवा आदल्या दिवसापासून सांगत असतो. भरलेली गाडी खंबाटकी किंवा कसारा चढत असताना पाव ताकद गेलेली असणे आणि द्रुतगती मार्गावर ताशी २० ने रांगणे हे मागून येणाऱ्यांच्याही जिवावर बेतते. अशा वेळी पार्किंगचे चारही दिवे लावून डावी कड धरावी आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबावे.

आता भरण्याची रीत. गाडी सपाट जागेवर घ्यावी. उतारावर पातळीचा सेन्सर चुकीचे दाखवतो. इंजिन बंद करून इग्निशनही बंद करावे. झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण उसाच्या नि वाळूच्या गाड्यांत तिथे चिखलाचा थर असतो आणि तोच आत पडतो. बादलीसोबत आलेलीच प्लास्टिकची नळी वापरावी. डिझेलसाठी ठेवलेले पत्र्याचे नरसाळे धुऊनही इथे चालणार नाही. हे द्रावण जस्त, तांबे, पितळ आणि साधे लोखंड खाते आणि तो धातू विरघळून आत जातो. चालतात ती फक्त जाड प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची भांडी. तीही कधी तेल, कूलंट किंवा साबणाला न लागलेली हवीत.

किती ओतावे? एक-दोन लिटरने दिवा जात नाही. सेन्सरला फरक कळायला अनेक मोटारींत पाच लिटरच्या आसपास तरी भर लागते. गाडीच्या पुस्तिकेत हा आकडा दिलेला असतो, तो पाहावा. गळ्यापर्यंतही भरू नये, वर थोडी जागा सोडावी. भरून झाले की झाकण लावून इग्निशन चालू करावे, पण स्टार्टर मारू नये. अर्धा-एक मिनिट तसेच राहू द्यावे, म्हणजे कंट्रोल युनिट नवी पातळी वाचते. मग गाडी सुरू करावी. दिवा लगेच गेला नाही म्हणून घाबरू नये. काही गाड्यांत तो दहा-वीस किलोमीटर चालल्यावर जातो. सांडलेले द्रावण लगेच भरपूर पाण्याने धुवावे. वाळले की पांढरी खडी धरते, रंग खराब करते आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरून आतले तांबे हिरवे करते. झाकणावर किंवा फवारणीच्या तोंडाशी जमलेली पांढरी पूड कोमट पाण्याने विरघळते. ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये.

ट्रकवाल्यांची एक सवय इथे फार महाग पडते. इंजिन बंद केल्याबरोबर बॅटरीचा कट-ऑफ स्विच फिरवला जातो. इंजिन बंद झाल्यावर पंप नळीतले उरलेले द्रावण टाकीत परत ओढतो आणि त्याला एक-दोन मिनिटे वीज लागते. स्विच आधीच बंद केला तर द्रावण नळीत व नोझलमध्ये राहते, गरम नोझलवर वाळते आणि खडा धरतो. असे काही आठवडे चालले की फवारणी बंद पडते, दोषाचा दिवा लागतो आणि मालक म्हणतो, ‘द्रावण तर चांगलेच टाकले होते!’ म्हणून इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटे थांबून मगच स्विच फिरवावा. तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या आणि फक्त चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांतही खडे लवकर धरतात, कारण धूर पुरेसा तापत नाही. त्यांना आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवावे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अदलाबदल. पंपावरच्या द्रावणाच्या नळीचे तोंड १९ मिलिमीटरचे, डिझेलच्या नळीपेक्षा बारीक असते, त्यामुळे डिझेलची नळी निळ्या झाकणाच्या तोंडात सहसा बसत नाही. आपल्याकडे बहुतेक भरणी बादलीने आणि नरसाळ्याने होते, म्हणून ही सोय वाया जाते. निळ्या टाकीत डिझेल गेले असेल, तर थेंबभर असले तरी इग्निशन चालू करू नये. पंप फिरला की डिझेल साऱ्या नळ्यांत पसरते, रबरी सील फुगतात, आणि टाकी धुऊन भागणारे काम पंप, नळ्या नि नोझल बदलण्यावर जाते. उलट चूक, म्हणजे डिझेलच्या टाकीत हे द्रावण, त्याहून वाईट. इंधन पंप आणि इंजेक्टर गंजतात. दोन्ही वेळा गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टोइंगला फोन करावा.

आता बनावट द्रावणाकडे येतो. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेली किंमत सरकार अनुदानातून भरते. ४५ किलो युरियात ३२.५ टक्क्यांचे जवळपास १२७ लिटर द्रावण होते. म्हणजे युरियाचा खर्च लिटरला दोन-सव्वादोन रुपये. सीलबंद बादलीचा दर याच्या कितीतरी पट आहे. एवढा फरक असल्यावर कोणाच्या तरी गोदामात टाकी बसणारच. एक तर हा गुन्हा आहे. अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणे खत नियंत्रण आदेश, १९८५ आणि जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ यांखाली येते. खरिपात मका-कपाशीला युरिया मिळावा म्हणून शेतकरी रांगेत उभा असताना त्याची गोणी ट्रकच्या टाकीत जाते, याचा आम्हाला मनापासून राग येतो. गाडीचेही यात भले नाही. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा आहे. शिवाय दाणे चिकटू नयेत म्हणून घातलेली द्रव्ये त्यात असतात. तेल फिल्टर चोंदवते आणि बाकीचे उत्प्रेरकावर बसते.

पाण्याची गोष्टही अशीच. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२२४१ प्रमाणे एक किलो द्रावणात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांतले प्रत्येकी अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. घरच्या आरओच्या ‘गोड’ पाण्यात लिटरला पन्नास-शंभर मिलिग्रॅम क्षार सहज असू शकतात. बोअरच्या पाण्याचे तर विचारूच नका. हे क्षार फवारल्यावर उडून जात नाहीत, जाळीवर थर धरतात, आणि तो थर कोणत्याही औषधाने निघत नाही. मग जाळीच बदलावी लागते आणि ट्रकमध्ये तो खर्च लाखाच्या घरात जातो.

‘पण टाकल्यावर दिवा गेला ना!’ हे अगदी नेहमी ऐकू येते. ते खरेही असते. टाकीतला सेन्सर द्रावणाची घनता म्हणजे युरियाचे प्रमाण ओळखतो, शुद्धता नाही. प्रमाण बरोबर असलेले बनावट द्रावण पहिल्या दिवशी पास होते. पुढे जाळी मंदावते, सायलेन्सरपाशी बसवलेला दुसरा सेन्सर नायट्रोजन ऑक्साइड वाढल्याचे कळवतो आणि काही हजार किलोमीटरनंतर दोषाचा दिवा लागतो. तोवर ती बादली कुठली होती हे कोणालाच आठवत नसते. म्हणून बिल घ्यावे आणि बादलीवरचा बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख टिपून ठेवावी. वॉरंटीचा वाद झाला तर तेवढाच आधार असतो.

चांगले द्रावण पाण्यासारखे स्वच्छ आणि बिनरंगी असते, वास अगदी मंद अमोनियाचा. पिवळसर छटा, वर तेलाचा तवंग किंवा हलवल्यावर बराच वेळ न बसणारा फेस दिसला तर ती बादली परत करावी. वजनही करून पाहावे. घनता सुमारे १.०९ असल्याने वीस लिटर द्रावण भांडे सोडून जवळपास २१.८ किलो भरते. वीस-सव्वावीस किलोच भरले तर पाणी जास्त आहे. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर द्रावणातून युरियाचे प्रमाण दाखवणारे उपकरण) असेल तर ३२.५ च्या आसपास आकडा यायला हवा. मात्र वजन आणि रिफ्रॅक्टोमीटर दोन्ही फक्त प्रमाण सांगतात. कडुनिंबाचे तेल किंवा क्षार त्यांना दिसत नाहीत.

साठवणीबद्दल विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. थंड जागेत हे द्रावण दीड वर्ष टिकते. सतत ३० अंशांत ठेवले तर साधारण वर्षभर, ३५ अंशांत सहा महिने. मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा गाडीच्या डिकीत याहून किती तापते ते सांगायला नको. तिथे युरिया फुटून अमोनिया होऊ लागतो आणि तीव्र वास येतो. ‘स्वस्त पडते’ म्हणून वर्षाचा साठा घेण्यापेक्षा महिन्याचा घ्यावा आणि सावलीत, झाकण घट्ट लावून, जमिनीपासून वर ठेवावा. गोठण्याची भीती आपल्याकडे नाही, ते उणे ११ अंशांना गोठते. तरीही टाकीतला हीटर बिघडला की दिवा इथेही लागतो, कारण कंट्रोल युनिट त्याची तपासणी बाराही महिने करते. अशा वेळी द्रावण बदलून उपयोग नसतो, स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो.

वाहतूकदारांना एक सोपी पडताळणी सुचवतो. डिझेलच्या नोंदीशेजारी द्रावणाचीही नोंद ठेवावी. बीएस-६ ट्रकला १०० लिटर डिझेलमागे ढोबळमानाने तीन ते सहा लिटर लागते. मोटारीला हजार किलोमीटरला एक-दीड लिटर. गाडी आणि भार यांप्रमाणे फरक पडेल, पण आपल्या गाडीचे एक प्रमाण दोन-तीन महिन्यांत ठरते. ते अचानक निम्म्यावर आले तर फवारणी होत नाही, आणि दुप्पट झाले तर गळती किंवा चोरी आहे. दिवा लागण्याआधी हा हिशोब सांगतो.

आता राहिला तो उपाय, जो गॅरेजमध्ये हळू आवाजात सुचवला जातो: यंत्रणाच ‘काढून टाकू’. सेन्सरच्या जागी खोटा आकडा पाठवणारी डबी बसवतात किंवा कंट्रोल युनिटचा प्रोग्रॅम बदलतात. दिवा जातो, द्रावणाचा खर्च वाचतो आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड अनेक पटींनी वाढतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा बदल करू देत नाही. प्रदूषणाचा नियम मोडल्याबद्दल कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही हे चालते, कारण डिझेल गाडीची पीयूसी चाचणी फक्त धुराची काळिमा मोजते. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. डबी लावलेला ट्रक स्वच्छ प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो आणि तो धूर टोलनाक्यावरचा कामगार, वाहतूक पोलीस आणि महामार्गालगतच्या शाळेतली मुले श्वासात घेतात.

म्हणून परिवहन विभागाला आमची मागणी आहे. बीएस-६ डिझेल गाडीच्या पीयूसी आणि फिटनेस तपासणीत डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून या यंत्रणेचे दोष-कोड वाचणे बंधनकारक करावे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. कृषी आणि परिवहन विभागांनी मिळून महामार्गालगतच्या सुट्या द्रावणाच्या विक्रेत्यांचे नमुने तपासावेत, विशेषतः जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा युरियाची टंचाई आणि चोरी दोन्ही वाढतात. तेल कंपन्यांनी मोठ्या महामार्गांवरच्या पंपांवर हे द्रावण डिझेलसारखे नळीतून, मीटरवर विकावे, म्हणजे बादली, नरसाळे आणि अदलाबदल तिन्ही सुटतील. आणि वाहन कंपन्यांनी महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या ट्रकच्या पडद्यावर हा इशारा मराठीत द्यावा: ‘द्रावण कमी’, ‘द्रावण खराब’, ‘यंत्रणेत दोष’. आज तो बहुधा इंग्रजीत येतो. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला तो वाचता येत नाही, म्हणून तो क्लीनरला म्हणतो, ‘युरिया टाक.’

आपले,
डिझेल गाड्यांच्या देखभालीचे काम करणारे काही वाचक,
चाकण, जि. पुणे